पाळीव प्राण्यांचा कर्करोग आणि दवाखान्यातील शिक्षण: नागपुरातील नव्या चमूसाठी मार्गदर्शक

लसीकरण वाढले, घरच्या कुत्र्यांना नियमित आहार व वेळेवर औषध मिळू लागले आणि त्यामुळे दहा-बारा वर्षे जगणारी कुत्री नागपुरात सर्रास दिसू लागली. कर्करोग हा बहुतांशी उतारवयाचा आजार असल्यामुळे धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत कोणत्याही दवाखान्यात बसा, गाठ घेऊन आलेला रुग्ण भेटल्यावाचून राहत नाही. एका वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षे चालणाऱ्या पदवी अभ्यासक्रमात या विषयाच्या वाट्याला येणारा वेळ थोडा असतो; परिचर, ड्रेसर आणि सफाई कर्मचाऱ्यांना तर तोही मिळत नाही. हा लेख दवाखान्यात नव्याने रुजू झालेल्या पशुवैद्यकांसाठी आणि त्यांच्या सहायकांसाठी आहे. माझे मुख्य म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. डॉक्टरांनी एखाद्या परिषदेला जाऊन यावे आणि चमूचे शिक्षण झाले असे मानावे, ही पद्धत कर्करोगाच्या बाबतीत धोक्याची आहे. केमोथेरपी घेतलेल्या कुत्र्याने पिंजऱ्यात केलेली लघवी जी व्यक्ती पुसते, तिचे शिक्षण सर्वांत आधी झाले पाहिजे.

पहिली पायरी: कोण काय करणार हे ठरवा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार रोगनिदान करणे व उपचार ठरवणे हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचेच आहे. सहायकांनी काय करावे हे मात्र प्रत्येक दवाखान्याला लेखी ठरवावे लागते, कारण आपल्याकडे अनेक सहायक काम करता करताच शिकलेले असतात आणि एकाने दुसऱ्याला तोंडी सांगितलेल्या गोष्टी बदलत जातात. एका कागदावर लिहा: वजन कोण घेईल, मात्रेचा हिशेब कोण करेल आणि कोण तपासेल, औषध कोण भरेल, प्राणी कोण धरेल, पिंजरा कोण धुवेल. गरोदर असलेल्या, बाळाला अंगावर पाजणाऱ्या किंवा अपत्याचा विचार करत असलेल्या कर्मचाऱ्यांना या औषधांच्या कामापासून दूर ठेवायचे असते. हे सांगण्याचा संकोच त्यांना वाटू नये म्हणून अशी सूट मागणाऱ्याला कारण विचारले जाणार नाही, असे त्याच कागदावर नमूद करावे.

दुसरी पायरी: सुई आणि स्लाइड

नवख्या डॉक्टरांचा ओढा औषधांकडे असतो, पण शिक्षणाची खरी सुरुवात गाठीत सुई घालण्यापासून होते. ‘चरबीची गाठ दिसते, लक्ष ठेवा’ हे वाक्य सुईने तपासल्याशिवाय उच्चारू नये, कारण मास्ट सेल ट्यूमर (मास्ट पेशींचा त्वचेतील कर्करोग) हाताला हुबेहूब चरबीच्या गाठीसारखा लागू शकतो. २२ ते २४ गेजची सुई, पाच मिलीची सिरिंज, स्वच्छ स्लाइड, लीशमन किंवा गिम्साचे रंजक आणि तेलात बुडणारे भिंग असलेला सूक्ष्मदर्शक एवढ्या सामग्रीवर हे काम होते. सहायकाने स्लाइड पसरवणे, हवेत वाळवणे आणि पेन्सिलीने तिच्यावर रुग्णाचा क्रमांक लिहिणे शिकावे. लसिकाग्रंथी सर्वत्र वाढल्या असतील तर जबड्याखालची ग्रंथी शक्यतो टाळावी. दातांच्या संसर्गाने ती एरवीही सुजलेली असते आणि निदान धूसर होते. खांद्यापुढची किंवा गुडघ्यामागची ग्रंथी निवडावी.

मास्ट सेलच्या गाठीला तपासताना वारंवार दाबू नये, हे प्राणी धरणाऱ्यालाही माहीत असावे. त्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते, जागा लाल होऊन सुजते आणि क्वचित प्राण्याचा रक्तदाब खाली जातो.

भंडारा, गोंदिया, वर्धा किंवा यवतमाळहून नमुने बसने येतात, तेव्हा चुका वाटेत होतात. ऊतीचा तुकडा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात, रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावा. मोठी गाठ असेल तर द्रव आत शिरावा म्हणून तिला सुमारे एक सेंटिमीटर अंतरावर काप द्यावेत, पण एका बाजूने ती अखंड ठेवावी. न रंगवलेल्या स्लाइड फॉर्मॅलिनच्या बरणीसोबत एकाच पिशवीत कधीही पाठवू नयेत, कारण नुसत्या वाफेनेही पेशींचे रंग बिघडतात आणि पॅथॉलॉजिस्टच्या हाती काहीच उरत नाही. सोबतच्या अर्जावर वय, जात, नसबंदी झाली आहे का, गाठ किती दिवसांची आहे आणि नेमकी कुठे आहे हे लिहिलेच पाहिजे.

सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आपल्या शहरात आहे आणि ज्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे ते घटक महाविद्यालय आहे त्याचे मुख्यालयही नागपुरातच आहे. राज्यातील फार थोड्या शहरांना मिळणारी ही सोय आहे. तिथल्या विकृतीशास्त्र विभागाकडे नमुना पाठवल्यावर अहवालाची वाट पाहत बसू नका. आपण स्वतः स्लाइड पाहून काय अंदाज बांधला होता ते आधी लिहून ठेवा आणि अहवाल आल्यावर दोन्ही शेजारी ठेवून वाचा. कोणत्याही वर्गात मिळणार नाही इतके शिक्षण या एका सवयीतून मिळते.

तिसरी पायरी: एक आजार पूर्ण शिका

सगळे कर्करोग एकदम शिकायला घेऊ नयेत. आपल्याकडे सुरुवातीसाठी सर्वांत योग्य आजार म्हणजे टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर, म्हणजे कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर होणारी संसर्गजन्य गाठ), कारण मोकाट कुत्र्यांमध्ये तो भरपूर आढळतो, निदान स्लाइडवर होते आणि बहुसंख्य रुग्ण बरे होतात. समागमातून, चाटण्यातून किंवा हुंगण्यातून जिवंत कर्कपेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात आणि तिथे रुजतात, असा हा विलक्षण आजार आहे. स्लाइडवर गोल पेशी आणि त्यांच्या पेशीद्रवात ओळीने दिसणाऱ्या स्वच्छ पोकळ्या एकदा नीट पाहिल्या की पुढे त्या विसरत नाहीत. जननेंद्रियातून थेंब थेंब रक्त जाणाऱ्या कुत्र्याला मूत्रमार्गाचा संसर्ग समजून प्रतिजैविके देत राहण्याचा प्रकार यामुळे थांबेल. नाकातही ही गाठ होते, तेव्हा एका नाकपुडीतून वारंवार रक्त येणाऱ्या मोकाट कुत्र्याच्या बाबतीत ती शक्यता ध्यानात असावी.

यावरचे औषध व्हिन्क्रिस्टीन. ते आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते. आठवड्यातून एकदा शिरेतून दिले जाते आणि बहुतेक रुग्णांत चार ते सहा मात्रांत गाठ नाहीशी होते. या एका आजाराच्या निमित्ताने चमू निदान, मात्रेचा हिशेब, शिरेचे काम, रक्ततपासणी, कचऱ्याची विल्हेवाट आणि मालकाशी संवाद असे सगळे शिकते. त्यानंतर स्तनग्रंथीच्या गाठी घ्याव्यात. कुत्रीत त्यांपैकी साधारण निम्म्या घातक असतात. मांजरीत मात्र बहुतेक घातकच निघतात, म्हणून मांजरीच्या स्तनातील वाटाण्याएवढ्या गाठीलाही ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणू नये. लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग), मास्ट सेल ट्यूमर आणि हाडांचा कर्करोग नंतर येतील. वेदनाशामकांनी न सुधारणारा, मोठ्या जातीच्या कुत्र्याचा लंगडेपणा दिसला तर एक्स-रे लांबवू नये, एवढे मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे.

चौथी पायरी: औषध हाताळणे

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगतो. पेशी मारणारी ही औषधे त्वचेतून, श्वासातून आणि न धुतलेल्या हातांवाटे तोंडातून शरीरात जातात, आणि दिसत नसल्यामुळे त्यांचे भय वाटत नाही. अमेरिकेतील पशुवैद्यकीय अंतर्गत वैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने (एसीव्हीआयएम) या औषधांच्या सुरक्षित वापराविषयी २०१८ मध्ये एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले आणि ते मोफत वाचता येते. इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांनी त्याचा मराठीतून सारांश करून सर्व कर्मचाऱ्यांना वाचून दाखवावा.

औषध भरण्यासाठी वेगळी खोली असावी, निदान ये-जा नसलेला कोपरा असावा. आपल्या उन्हाळ्यात डेझर्ट कूलर आणि पंखा अखंड चालू असतात. औषध भरताना दोन्ही बंद करावेत, नाहीतर हवेत उडालेले सूक्ष्म थेंब खोलीभर पसरतात. सुरक्षा कपाट किंवा बंद पद्धतीची भरण्याची साधने घेता आली तर उत्तमच. ती येईपर्यंत फिरवून घट्ट बसणारी सिरिंज, खाली प्लास्टिकचे अस्तर असलेली शोषक चादर, दोन जोड हातमोजे, मागे बांधायचा लांब बाह्यांचा गाऊन, चश्मा आणि मास्क इतके तरी अनिवार्य समजावे. व्हायलमध्ये (औषधाच्या कुपीत) जबरदस्तीने हवा भरू नये. सुई काढताना तिच्याभोवती गॉझ धरावे. गोळ्या फोडू किंवा कुटू नयेत.

तालमीसाठी एक उपाय सुचवतो, ज्याचे साहित्य बहुतेक दवाखान्यांत आधीच असते. बुबुळावरील जखम पाहण्यासाठी आपण फ्लुरोसीनच्या पट्ट्या वापरतो आणि नायट्यासाठी वूड्स लॅम्प, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा. पट्टी पाण्यात बुडवून ते पाणी रिकाम्या व्हायलमध्ये भरा, सहायकाला नेहमीप्रमाणे सिरिंज भरायला, सलाईनच्या पिशवीत सोडायला आणि सगळे आवरायला सांगा. मग खोलीत अंधार करून दिवा फिरवा. हातमोज्यांवर, टेबलाच्या कडेवर, दाराच्या मुठीवर आणि कधी मोबाइलवर हिरवट चमक दिसते. हा प्रयोग पाहिलेला माणूस हातमोजे न घालता व्हायल उचलत नाही. नवीन व्यक्ती रुजू झाली की तो पुन्हा करावा आणि सफाईच्या मावशींनाही त्यात बोलवावे.

औषध सांडले तर काय करायचे याचा संच भिंतीवर टांगलेला असावा: दोन जोड हातमोजे, मास्क, चश्मा, शोषक कागद, साबणाचे पाणी, पिवळ्या पिशव्या आणि पाटी. पुसताना बाहेरून आत यावे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत. त्यांनुसार या औषधांचा व त्यांनी दूषित झालेल्या वस्तूंचा कचरा पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात, वेगळी खूण करून, १,२०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला जाळण्यासाठी पुरवठादाराकडे किंवा सामायिक प्रक्रिया केंद्राकडे द्यायचा असतो. महानगरपालिकेच्या घंटागाडीत तो जाता कामा नये, कारण पुढे तो हाताने वेगळा करणारी माणसे आहेत.

उपचारानंतर किमान ७२ तास लघवी, विष्ठा व उलटी हाताळताना हातमोजे घालावेत. पिंजरा जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नये. आधी शोषक कागदाने टिपून मग भरपूर पाणी हळू सोडावे. व्हिन्क्रिस्टीन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला असतानाच वीज जाते, म्हणून फ्रिजमध्ये कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर ठेवून रोज सकाळी नोंद करणे हे एका ठरावीक व्यक्तीचे काम असावे.

पाचवी पायरी: हिशेब आणि शीर

बहुतेक केमो औषधांची मात्रा किलोवर नसून शरीराच्या पृष्ठफळावर, म्हणजे चौरस मीटरवर, काढतात. २० किलोच्या कुत्र्याचे पृष्ठफळ सुमारे ०.७४ चौरस मीटर भरते. व्हिन्क्रिस्टीनची मात्रा चौरस मीटरला ०.५ ते ०.७ मिलिग्रॅम असते, ०.७ धरले तर या कुत्र्याला ०.५२ मिलिग्रॅम औषध लागेल आणि एका मिलीत एक मिलिग्रॅम असलेल्या व्हायलमधून ते अर्ध्या मिलीहून किंचित जास्त होईल. हाच आकडा कोणी चुकून किलोवर लावला तर १४ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ सत्तावीस पट औषध जाईल, आणि तो कुत्रा वाचणार नाही. म्हणून दोन व्यक्तींनी एकमेकांचा कागद न पाहता हिशेब करावा आणि आकडे जुळल्यावरच व्हायल उघडावी. वजन त्याच दिवशी, त्याच काट्यावर घ्यावे. मांजरांना सिस्प्लॅटिन आणि ५-फ्लुरोयुरॅसिल कधीही देऊ नये, हे औषधांच्या कपाटावर ठळक अक्षरांत लिहिलेले असावे.

व्हिन्क्रिस्टीन शिरेबाहेर गेले तर मांस सडते. एका प्रयत्नात बसलेला नवा कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी), सलाईन सोडून केलेली खात्री आणि औषध जात असताना नजर न हटवणारा सहायक हे तिन्ही हवेत. गळती झालीच तर कॅन्युला लगेच उपसू नये. त्याच वाटेने जमेल तितके औषध परत ओढून घ्यावे आणि मग कॅन्युला काढावा. त्यानंतर व्हिन्क्रिस्टीनसाठी कोमट शेक आणि डॉक्सोरुबिसिनसाठी थंड शेक द्यावा. ही उलट वाटणारी जोडी तोंडपाठ असली पाहिजे.

सहावी पायरी: रक्त, गोचीड आणि ताप

परदेशी अभ्यासक्रमांत जे फारसे शिकवले जात नाही ते इथे सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया व बेबेसिया हे आजार इतके आढळतात, की वाढलेल्या लसिकाग्रंथी, ताप आणि घटलेल्या प्लेटलेट पाहून लिम्फोमाचा विचार करण्याआधी रक्ताची काच पाहणे भाग आहे. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि न ओळखलेल्या एर्लिकियावर केमो दिली तर अस्थिमज्जेवर दुहेरी घाव बसतो. यंत्राच्या आकड्यावर विसंबून न राहता रक्ताच्या काचेवर प्लेटलेट मोजायला सहायकाला शिकवा: तेलाच्या भिंगाखालील एका क्षेत्रात दिसणारी एक प्लेटलेट साधारण १५,००० प्रति मायक्रोलिटर मानतात.

प्रत्येक मात्रेआधी रक्तगणना करावी. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) प्रति मायक्रोलिटर १,५०० ते २,००० च्या खाली असतील तर बहुतेक पद्धतींत मात्रा पुढे ढकलतात. पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जाण्याचा काळ औषधानुसार पाचव्या ते दहाव्या दिवसात येतो. त्या काळात ताप आलेला रुग्ण म्हणजे तातडीचा रुग्ण. मेमध्ये ऑटोतून धापा टाकत आलेल्या कुत्र्याचे तापमान एरवीही १०३ अंश फॅरेनहाइट दाखवू शकते, त्यामुळे स्वागतकक्षातच गोंधळ होतो. नियम सोपा ठेवा: केमो चालू असलेला कोणताही रुग्ण तापलेला आला तर रक्त लगेच घ्यायचे, त्याला गार खोलीत न्यायचे आणि यंत्रावर रक्तगणना चालू असतानाच तापमान पुन्हा पाहायचे. वाट पाहण्यात तास घालवायचे नाहीत.

दुष्परिणामांची नोंद ‘थोडी उलटी झाली’ अशी न करता ठरलेल्या श्रेणीत करावी. पशुकर्करोगासाठी अशी १ ते ५ श्रेणींची पद्धत उपलब्ध आहे आणि तिची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये आली. तिचा अतिसार, उलटी, भूक व रक्तपेशी यांपुरता तक्ता मराठीत करून भिंतीवर लावला तरी पुरते.

सातवी पायरी: मालकाशी बोलणे

केमोथेरपी म्हटले की घरातल्या एखाद्या नातेवाइकाचे आजारपण मालकाच्या डोळ्यांसमोर येते. प्राण्यांत मात्रा बेताची ठेवतात, कारण उद्देश बहुधा चांगले दिवस मिळवून देण्याचा असतो, हे चमूतील प्रत्येकाला एकाच शब्दांत सांगता यावे: ‘काकू, औषधाने त्याचे उरलेले दिवस सुखाचे जावेत हा आपला हेतू आहे; त्रास वाढला तर आपण थांबू.’ डॉक्टर एक सांगतात आणि बाहेर अटेंडंट दादा दुसरेच सांगतात, असे झाले की विश्वास जातो. आकडे सांगताना मध्यकाचा अर्थ सर्वांना कळला पाहिजे. कुत्र्यांच्या लिम्फोमात उपचाराविना बहुधा चार ते सहा आठवडे आणि अनेक औषधांच्या उपचाराने साधारण वर्षभर, यातील ‘वर्षभर’ म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधीच जातात.

घरी द्यायच्या सूचना लेखी द्याव्यात: गोळी हातमोजे घालून अखंड द्यावी, उघड्या हातांनी पोळीत चुरू नये; अंथरूण वेगळे धुवावे; लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना लघवीच्या जागेपासून दूर ठेवावे. दयामरणाचा विषय पहिल्या भेटीतच, शांतपणे आणि डॉक्टरांनीच काढावा. ज्या दिवशी तो प्रसंग येईल त्या दिवशी प्राणी धरणाऱ्या सहायकाला पुढचा रुग्ण लगेच देऊ नये.

आठवी पायरी: पुढचे शिक्षण

दर महिन्याला अर्धा दिवस दवाखाना बंद ठेवून नोंदवहीतील रुग्णांवर चर्चा करावी. नोंदवहीत शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र, कॅलिपरने मोजलेली गाठ, स्लाइडचा स्वतःचा अंदाज, अहवाल, मात्रा आणि शेवट हे सर्व असावे. या चर्चेला जमेल तेव्हा एखाद्या ज्येष्ठ पशुवैद्यकांना बोलवा. बैलाच्या शिंगाचा कर्करोग, झुकलेले शिंग आणि एका नाकपुडीतून येणारे रक्त ओळखण्यात ज्यांचे आयुष्य विदर्भातील गावांत गेले, त्यांचे हात आणि त्यांचे प्रश्न पुस्तकांत सापडत नाहीत.

राज्य पशुवैद्यक परिषद आणि विद्यापीठ यांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवावे. एखादा अभ्यासक्रम निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात: प्रत्यक्ष हाताने काही करायला मिळते का, शिकवली जाणारी औषधे आपल्या बाजारात मिळतात का, आणि सहायकांना प्रवेश आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी येते; तरी विचारत राहावे, कारण मागणी दिसल्याशिवाय आयोजक जागा ठेवत नाहीत. माणसांच्या केमो-कक्षातील परिचारिका औषध हाताळणीत आपल्याहून खूप पुढे असतात. तुकडोजी पुतळ्याजवळील प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था नागपुरातच आहेत. अशा ठिकाणी रीतसर पत्र देऊन निरीक्षणाची परवानगी मागावी आणि मिळाली तर डॉक्टरांऐवजी औषध भरणाऱ्या सहायकाला पाठवावे.

वर्षातून एकदा चमूतील एका डॉक्टरांनी मुंबई किंवा चेन्नईसारख्या ठिकाणच्या मोठ्या प्राणी-रुग्णालयात काही दिवस काढावेत, आणि जाण्याआधी नोंदवहीतील न सुटलेले प्रश्न लिहून न्यावेत. परत आल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी शिकलेली गोष्ट सर्वांसमोर करून दाखवावी, दवाखान्याच्या लेखी कार्यपद्धतीत त्याप्रमाणे बदल करून सर्वांच्या सह्या घ्याव्यात, आणि नोंदवहीतील ज्या रुग्णांना नवी माहिती लागू पडते त्यांच्या मालकांना त्याच दिवशी फोन करावा.